अध्यक्षीणबाईंचे दोन शब्द आणि वन्संच्या इडल्या

आमच्या वन्संचा नवरा वैराग्य आलं म्हणून घर सोडून गेला. वैराग्य! रोज सकाळी बारा-बारा इडल्या हाणून वर दोन पेले कॉफी ढोसणाऱ्या माणसाला वैराग्य येतं तरी कुठून, हे मला आजतागायत कळलेलं नाही. हुबळीला रेल्वेच्या गुदामात कारकून होता. एक दिवस कचेरीतून घरी यायच्या ऐवजी कुठल्याशा बैराग्याच्या मागे चालू पडला. उशाखाली चिठ्ठी सापडली, 'प्रपंचात राम नाही.' बायकोच्या डोक्यावर उद्या छप्पर असेल का नसेल, याचा त्यात एका अक्षराने उल्लेख नव्हता.

ही गोष्ट अठ्ठेचाळीस सालची. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, मंदाकिनी. मूलबाळ नाही. सासरच्यांनी 'आमचाच मुलगा गेला, तुला कुठून पोसू' म्हणून दार लावून घेतलं. मग एक ट्रंक आणि एक पितळी इडलीपात्र घेऊन त्या डोंबिवलीला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. कपाळाला ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, आणि शेजारणीने 'यजमान कुठे असतात?' विचारलं की ताठ मानेनं उत्तर, 'फिरतीवर आहेत.' दहा वर्षं झाली, अजून फिरतच आहेत.

आमचं घर म्हणजे चाळीतल्या दोन खोल्या. बाहेर आम्ही दोघं आणि दोन मुली, आत स्वयंपाकघर. मध्ये फळ्यांची भिंत, तीही वरपर्यंत न गेलेली. वन्संचं अंथरूण स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशेजारी. यजमानांना सगळी चाळ भाऊ म्हणते. कल्याणला रेल्वेच्या कचेरीत आहेत. स्वभावाने गरीब म्हणजे किती गरीब, तर घरात आग लागली तरी पेपर संपवून मग उठतील. बहीण आली त्या दिवशी म्हणाले, 'आता तुम्ही दोघी बघा काय ते.' आणि पेपर उघडून बसले. झालं! एक नणंद, एक भावजय, एक चूल. यातलं काय बघायचं ते त्यांना कुणी विचारायला हवं होतं.

आणि नणंद कशी? एखादी असती तर परक्याच्या घरात खाली मान घालून राहिली असती. पण सुंभ जळला तरी पीळ जातोय थोडाच! पहिल्याच सकाळी मी उपमा केला. वन्संनी बशीत चमचा उभा करून बघितला, तो आडवा झाला. 'नीला, अगं, हा उपमा आहे का लापशी?' दुसऱ्या दिवशी चहा. 'हा चहा आहे का भांडी विसळल्याचं पाणी?' प्रत्येक गोष्टीला हुबळी. हुबळीचं दही, हुबळीचा कढीपत्ता, हुबळीची मिरची. शेवटी एकदा मी म्हटलं, 'वन्सं, हुबळी इतकी गोड होती तर...' आणि थांबले. पुढचं त्यांना कळलं. दिवसभर बोलल्या नाहीत. संध्याकाळी मात्र माझ्या आमटीत मीठ कमी आहे हे सांगायला विसरल्या नाहीत.

त्यांच्या हाताला चव होती, हे मला सांगावं लागतंय, याचाच मला राग येतो.

हुबळीला त्यांच्या शेजारी एक तुंगाक्का राहायची. तिच्याकडून वन्संनी दोन्ही इडल्या शिकून घेतल्या होत्या, तांदळाची आणि रव्याची. डोंबिवलीत तांदूळ रेशनवर. मिळे तो भाताला पुरायचा नाही, तो वाटून आंबवायचा म्हणजे चैनच. म्हणून रव्याची. जाडा रवा तुपावर भाजायचा, पण शिऱ्यासारखा गुलाबी नाही, नुसता वास सुटेपर्यंत. त्यात मोहरी, चण्याची डाळ, आलं, मिरची, कढीपत्ता. निवला की आंबट दही घालून अर्धा तास मुरत ठेवायचा. आणि खायचा सोडा घालायचा तो अगदी शेवटी, पात्रातलं पाणी खळखळायला लागल्यावर. घातला की पीठ फुलून वर येतं, तसंच उचलून वाट्यांत ओतायचं आणि झाकण. बारा मिनिटं. बोट पाण्यात बुडवून इडलीला लावायचं, चिकटलं नाही की झालं.

'सोडा घातल्यावर मागे बघायचं नाही,' वन्सं म्हणायच्या. 'दाराशी साक्षात इंद्र आला तरी त्याला म्हणायचं, बस, बारा मिनिटांनी बोलू.'

पहिल्यांदा केल्या तेव्हा चाळ लोटली बघायला. काय ती एकेकीची अक्कल! एक म्हणाली, 'हे तर आमचं सांदण, फणसाचा रस विसरलात.' दुसरीने साखर मागितली. तिसरीने दुधात कुस्करून मुलाला भरवली. समोरच्या आजींनी 'मद्रासी पदार्थ आमच्या सोवळ्यात बसत नाही' म्हणून नाक मुरडलं, आणि मग पदराखाली झाकून चार नेल्या. बसत नव्हत्या त्या सोवळ्यात, पोटात छान बसल्या.

पण चव असली म्हणून काय झालं? मला माझं स्वयंपाकघर परत हवं होतं. हे मी लपवून ठेवत नाही. तीन वर्षं मी माझ्याच घरात पाहुणीसारखी वावरले. डब्यांच्या जागा बदललेल्या, मुली माझ्याऐवजी आत्याला विचारून खायला घेणार. मी भाऊंना सांगायची, 'यांची काहीतरी सोय बघा. जन्मभर का मी अशीच राहू?' भाऊ पेपरमागून 'हं' म्हणायचे. फळ्यांच्या त्या भिंतीपलीकडे वन्सं जाग्या असायच्या, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. कधी कधी मी आवाज मुद्दाम थोडा चढवायची.

आणि एकावन्न साली सोय चालून आली.

ठाण्याला कोपरीत मुलींचं वसतिगृह निघणार होतं. जागा दिली होती काळुराम शेठनी. हे कोपरीचेच आगरी, बापजाद्यांची मिठागरं होती, पुढे जमिनींना भाव आला आणि शेठ झाले. तर त्या वसतिगृहात पन्नास मुलींचा स्वयंपाक सांभाळायला आणि मुलींना शिकवायला एक बाई हवी होती. बाईला तिथेच राहायला खोली. वन्संनी ते ऐकलं आणि पोळी लाटता लाटता थांबल्या. 'खोलीला आतून कडी असेल ना गं?' एवढंच विचारलं. तीन वर्षं पिंपाशेजारी झोपलेली बाई, तिला आणखी काय हवं असणार! मी म्हटलं, 'असेल हो, कडी काय, खिडकीसुद्धा असेल.' मला त्यांच्याइतकीच त्या खोलीची आस लागली होती. त्यांना आत जायचं होतं, मला त्यांना आत घालायचं होतं.

आता ही बाई निवडायची कशी? सरळ चार बायकांना बोलावून स्वयंपाक करायला सांगावं, जिचा चांगला तिला घ्यावं. पण मग आमचं महिला मंडळ कशाला आहे? मंडळाचं नाव मी सांगत नाही, अजून चालू आहे आणि मी अजून त्यात आहे. अध्यक्षीण सुमतीबाई, वकिलांच्या पत्नी. बाईंना तोंड उघडायला निमित्त हवं. कुणाच्या घरी पाळणा हलला की सुमतीबाईंचं भाषण, कुणी कार्यालयातून निवृत्त झालं की सुमतीबाईंचं भाषण. काळुराम शेठांकडे जाऊन त्यांनी गळ घातली, 'आमचं मंडळ पाककलेची स्पर्धा घेईल, विषय तांदळाविना न्याहारी, तुम्ही मुख्य परीक्षक. जी पहिली येईल ती तुमच्या वसतिगृहाची बाई.' शेठना बिचाऱ्यांना काय ठाऊक! हो म्हणाले. मी मंडळाची सहचिटणीस. म्हणजे सतरंज्या मोजायच्या आणि पत्रिका लिहायच्या. मी पहिलंच नाव घातलं, मंदाकिनीबाई, रव्याच्या इडल्या.

स्पर्धा शाळेच्या पटांगणात. पुढे मंडप, व्यासपीठ, मागे कनातीआड सहा टेबलांवर सहा स्टोव्ह. वन्संनी पंधरा दिवस आधीपासून रेशनचा रवा साठवला होता. आमच्या घरी पंधरा दिवस शिरा-उपमा बंद. त्या दिवशी पहाटे उठून केस धुतले, हुबळीची एक इरकली होती ती नेसल्या. इडलीपात्र चिंचेने घासून असं लखलखीत केलं होतं की सुमतीबाईंनी त्यात वाकून आपलं कुंकू नीट केलं.

वन्संनी त्यांना स्पष्ट विचारलं, 'आधी भाषणं की आधी चव?'

'अगदी थोडक्यात हो,' सुमतीबाई म्हणाल्या. 'ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, स्पर्धकांची ओळख आणि माझे दोन शब्द.'

'म्हणजे किती वेळ?'

'अहो, दोन शब्दांना कितीसा वेळ लागणार?'

डोंबिवलीची माणसं एक वेळ जेवल्यावाचून राहतील, पण प्रास्ताविकावाचून नाही. सरणावर ठेवलेल्या माणसाची ओळख करून दिल्याशिवाय इथे काडी लावत नसतील. पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही. माझं लक्ष खोलीवर.

ओळखीसाठी सहाही स्पर्धकांना व्यासपीठावर बोलावलं. गुलाबाचं फूल देणार होते म्हणे. वन्संचं मन होईना. पीठ मुरलं होतं, पाणी नुकतं तापायला लागलं होतं. सोड्याची पुडी त्यांनी पातेल्याशेजारी ठेवली आणि मला बजावलं, 'नीला, तू फक्त पाण्यावर लक्ष ठेव. सोड्याला हात लावायचा नाही. मी आल्यावर मी घालीन. कळलं?'

'कळलं हो,' मी म्हटलं. मला असं लहान मुलीसारखं सांगितलेलं मुळीच आवडत नाही.

ईशस्तवन झालं. स्वागतगीताची पेटी मध्येच अडली, पुन्हा पहिल्यापासून झालं. ओळख झाली. सहा जणींना सहा फुलं दिली, तर शेठना द्यायला उरलं नाही, म्हणून एकीचं परत घेतलं. पाणी खळखळत होतं. काळुराम शेठ पुढच्या खुर्चीत बसून सारखे कनातीकडे बघत होते. माणूस सकाळपासून उपाशी आला होता, न्याहारीच्या स्पर्धेला न्याहारी करून कोण येतो? शेवटी ते मोठ्याने म्हणाले, 'बाय, आदी खायाला घाला, भाषाण मंग. गरम हाय तवर खाल्लेला बरा.' सगळ्या बायका फिस्सकन हसल्या. शेठना रीत कळत नाही म्हणून हसल्या. सगळ्या मंडपात तेवढा एकच माणूस शहाणा होता.

सुमतीबाई उठल्या. 'आता मी दोनच शब्द बोलून आपली रजा घेते. तोवर आमच्या भगिनींनी ताटं वाढायला घ्यावीत.'

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ताटं वाढायला घ्यावीत! वन्सं व्यासपीठावर अडकलेल्या, माझ्यासमोर पाणी उकळतंय, पीठ तयार. आणि बाजूच्या टेबलावरची बाई सातूचं पीठ कालवून मोकळी, तिची ताटं भरलेलीसुद्धा. मला वाटलं, झालं, शेठ तेच खाऊन पोट भरतील आणि इडलीला हात लावणार नाहीत. खोली जाणार! वन्सं माझ्या घरात राहणार! मी पुडी उघडली, सोडा घातला, ढवळलं. पीठ काय सुरेख फुलून आलं! मनात म्हटलं, एवढी काय मोठी विद्या आहे, उगाच स्वतःचं प्रस्थ माजवतात. वाट्यांना तेलाचं बोट फिरवायला घेतलं.

तेवढ्यात आमच्याच मंडळाची एक कार्यकर्ती धावत आली. 'स्टोव्ह बंद करा, स्टोव्ह बंद करा! सगळ्यांनी! भरभर आवाज येतोय, बाईंचं भाषण मागे ऐकू जात नाहीये.'

मी म्हटलं, 'अगं, फक्त बारा मिनिटं...'

'बाईंनी सांगितलंय,' ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिने माझ्या स्टोव्हची हवा सोडली. फुस्स.

सुमतीबाई चाळीस मिनिटं बोलल्या. द्रौपदीच्या थाळीपासून सुरुवात केली. मग सुदाम्याचे पोहे, मग सेतू बांधताना वानरांनी काय खाल्लं असेल, मग पंचवार्षिक योजना. अन्नटंचाईत गृहिणीने वेळ आणि इंधन कसं वाचवावं यावर तर वीस मिनिटं. मी कनातीआड उभी, समोर पातेलं. पीठ वर आलं होतं तसं खाली बसायला लागलं. आधी फुगे फुटले, मग वर पाणी सुटलं, मग नुसता चिखल. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. वन्संना बोलावून आणायचं? त्या व्यासपीठावर पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या, हातात गुलाब. आणि बोलावून सांगायचं काय? तुम्ही नको म्हणालात तेच मी केलं म्हणून?

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, टाळ्यांच्या आवाजात मी उरलेला सोडा सगळाच्या सगळा पातेल्यात टाकला. एकदा केलं ते निस्तरायला आणखी एकदा केलं.

वन्सं आल्या. झाकण उचललं, आत बघितलं. करंगळीने जिभेला लावलं. मी म्हटलं, 'वन्सं, ते...' त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. स्टोव्हला पंप मारला, पाणी पुन्हा उकळवलं, वाट्या भरल्या, झाकण लावलं. घरी रवा नव्हता, तिथे तर नव्हताच. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. बारा मिनिटं त्या पात्रासमोर उभ्या होत्या, गुलाब कमरेला खोचलेला.

झाकण काढलं. मला अजून ते डोळ्यांसमोर दिसतं. पिवळट, चपट्या, मधे खळगा पडलेल्या. आणि सोड्याचा तो साबणासारखा वास. वन्संनी बारीक तोंड केलं नाही. एक ताट वाढलं, चटणी घातली, आणि स्वतः नेऊन शेठांपुढे ठेवलं. मी मागे, हातात पाण्याचा तांब्या.

शेठनी तुकडा मोडला, खाल्ला, थांबले. सुमतीबाईंनी आधीच रुमाल नाकाला लावला होता. शेठनी मात्र दुसराही तुकडा खाल्ला, डोळे बारीक करून.

'बाय,' ते म्हणाले, 'मसाला बेस हाय. दही बेस हाय. भाजलाय बी नीट. ह्यो हात शिकलेला हाय. मंग सोड्याचा असा कसा केलास? दोनदा टाकलाय यो. माझे आयेने मिठागरावर शंभर मानसांचा सैपाक केलेला हाय, मना कळतं.' त्यांनी मान वर करून वन्संकडे बघितलं. 'तूच टाकलास का दुसऱ्या कोनी?'

असा सरळ प्रश्न आमच्या मंडळात कुणी कधी विचारत नाही.

मी वन्संच्या मागे एका हाताच्या अंतरावर उभी होते. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, 'मी टाकला.' एवढं म्हटलं असतं तर शेठ त्यांनाच नेणार होते, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. त्यांना खोली मिळाली असती, मला स्वयंपाकघर मिळालं असतं. पण समोर सगळं मंडळ बसलेलं, सुमतीबाई रुमालाआडून बघतायत, आणि मी सहचिटणीस. नणंदेच्या पदार्थाचा सत्यानाश केला म्हणून गावभर झालं असतं. जीभ उचललीच नाही. इतर वेळी कशी कात्रीसारखी चालते!

वन्संनी एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं, जितका वेळ दाराची कडी लागली की नाही बघायला लागतो तितकाच.

'मीच टाकला,' त्या म्हणाल्या. 'घाई झाली माझी.'

शेठनी ताट हळूच बाजूला सरकवलं. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. 'बाय, तुला हात हाय. पन पन्नास पोरींचे सैपाकाला घाई करनारी बाय मना नको.'

पहिला नंबर सातूच्या पिठाला गेला. ज्याला स्टोव्ह लागत नाही, वाफ लागत नाही, चव लागत नाही, असा आदर्श पदार्थ. करणारी बाई वकिलांची मावसबहीण होती, हे मी उगाच सांगत नाही. तिचं स्वागत करायला सुमतीबाई पुन्हा बोलल्या. तेव्हा सगळे स्टोव्ह बंदच होते.

घरी आलो. भाऊंनी पेपर अर्धा खाली केला. 'काय झालं?'

'हुकलं,' वन्सं म्हणाल्या, आणि आत जाऊन पात्र घासायला बसल्या. मला वाटलं, आता निघेल तोंडातून. मी तयार होते. भांडण झालं असतं तर मीही चार शब्द ऐकवले असते, रडले असते, मोकळी झाले असते. पण नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगितलं आणि कामाला लागल्या. हुबळीचं नाव मात्र त्यानंतर हळूहळू कमी झालं. चमचा उभा करून बघणं बंद झालं. मी केलेला गिचका उपमासुद्धा निमूट खायला लागल्या. तो पीळ मला इतकी वर्षं खुपत होता, आणि तो गेला तेव्हा मला मेलीला आनंद व्हायला हवा होता.

पाच-सहा वर्षांत चाळीत इडली माहीत नाही असं घर उरलं नाही. मंडळाच्या बायका वन्संकडे शिकायला येतात, परत जाऊन दगड करतात, आणि रव्याला नावं ठेवतात. नाचता येईना अंगण वाकडं. सातूवाली बाई वसतिगृहात दीड वर्षसुद्धा टिकली नाही. पुढे आंबिवलीची कुणी बाई लागली म्हणतात. आमच्याकडे कुणी विचारायला आलं नाही, आणि आम्ही गेलो नाही.

मी सात वर्षं गप्प बसले. आणि परवा, मुली शाळेत गेल्यावर, दोघीच स्वयंपाकघरात होतो. वन्सं रवा भाजत होत्या. आता त्यांना उभं राहून भाजवत नाही, पाटावर बसून भाजतात. मला काय झालं कुणास ठाऊक, एकदम म्हणाले, 'वन्सं, त्या दिवशी शेठांना माझं नाव का नाही सांगितलंत? मीच टाकला होता. तुम्हाला ठाऊक होतं. सांगितलं असतंत तर ती खोली तुमची होती.'

त्यांचा हात थांबला नाही. रवा करपू नये म्हणून तळापासून उलथत राहिल्या.

'सांगणार होते गं,' त्या म्हणाल्या. 'जिभेवर आलं होतं. मग म्हटलं, नाव घेतलं आणि तरीही खोली नाही मिळाली, तर संध्याकाळी मी कुणाच्या दारात जाऊ?'